ऐकू आलं की बटण दाबा

कव्हेन्ट्रीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एक्स-रे ओलांडून डावीकडे माझी खोली.
खोलीत एक पेटी, माणूस मावेल एवढी,
आतून करड्या स्पंजची.
बावीस वर्षं मी या पेटीत माणसं बसवते
आणि काचेबाहेरून मोजते
कुणाचं ऐकणं किती उरलंय.

हंसाबाई टिपणीस, वय एक्क्याऐंशी.
नोव्हेंबरातली ओली दुपार,
पायांत उन्हाळी सपाता, मोजे नाहीत.
सोबत लेक.
लेकीच्या खांद्याला आईची पर्स.

काय त्रास होतो, मी विचारलं.
लेक म्हणाली, तिला काही ऐकू येत नाही.
कधीपासून?
लेक म्हणाली.
झोप? जेवण? गोळ्या?
लेक. लेक. लेक.
वाईट दिसत नव्हती हो ती.
डोळ्यांखाली रात्रपाळ्या साचलेल्या, आवाज मऊ,
आईच्या कोटाचं वरचं बटण तिनंच वाकून काढलं.
राक्षसीण असती
तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

मी कानातलं यंत्र उघडलं.
बॅटरीचा कप्पा रिकामा.
दुसरं उघडलं. तेही.
"हरवते ती," लेक म्हणाली.
हंसाबाई स्वतःच्या सपातांकडे बघत राहिल्या.

तपासणीला सोबतच्यांनी बाहेर थांबायचं, नियम आहे, मी म्हणाले.
नियम नव्हता.
त्या दिवसापासून मी केला.

हेडफोन चढवले. मराठीत सांगितलं:
आवाज आला की बटण दाबा,
कितीही बारीक असू दे.
इकडे माझ्या टेबलावर दिवा लागतो.
टिंग. दिवा.
टिंग. दिवा.
मग वरचे स्वर, पाखरांचे, केटलच्या शिट्टीचे:
तिथे अंधार.
वयाचा हिशेब. त्यात नवल नव्हतं.

मग मी स्वर बंद केले आणि माईकमध्ये म्हटलं,
मावशी, दार बंद आहे.
बॅटऱ्या तुमच्या हातून हरवतात?

दिवा लागला नाही.

कुणी काढून ठेवतं?

दिवा.

बँकेचं कार्ड तुमच्याजवळ असतं?

काही नाही.

कुणी हात उचलतं?

काही नाही.
मी श्वास सोडणार
तेवढ्यात दिवा लागला
आणि लागलेलाच राहिला.
काचेतून पाहिलं तर
बटणावरचा अंगठा पांढरा पडला होता.

"माझीच पोर आहे," त्या पेटीत म्हणाल्या.
"दोन-दोन नोकऱ्या करते. दमते.
मी सारखं तेच तेच विचारते ना,
मग चिडते.
कुणाला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी त्यांची मूठ बघत होते.
तिच्यातून पांढरी वायर निघून
सरळ माझ्या टेबलापर्यंत आली होती.

मावशी, मी म्हणाले,
हे मला पोटात ठेवता येणार नाही.
पण जे होईल ते तुमच्यासमोर, तुमच्या भाषेत,
आणि तुम्हाला विचारत विचारत.
त्यांनी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
मी फॉर्म काढला. हस्ताक्षर माझं कधी इतकं वाईट येत नाही.

फेब्रुवारीत त्या परत आल्या.
लोकरीचे मोजे. पर्स स्वतःच्या खांद्याला.
सोबत कौन्सिलची एक उंच बाई,
आणि लेकही होती, बाहेरच्या बाकावर,
कोट न काढता, गुडघ्यांवर हात.
तिच्याही मदतीला आता आठवड्यातून दोनदा कुणी येतं म्हणे.
घरात काय मिटलं, काय नाही, मला माहीत नाही.
मला फक्त कान दिसतात.

नवीन यंत्र लावलं. त्या दचकल्या.
"माझाच आवाज मला केवढा येतोय!"
होतं सुरुवातीला. कमी करू?
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"राहू दे."

निघताना बॅटऱ्यांची सहा पाकिटं मागितली.
मोजून घेतली.